बीकॉम आणि सीए इंटर: स्वस्तातला फायनान्शियल कॅल्क्युलेटर कोणता?

बाळीवेसकर: धाकटी बहीण बीकॉमला आहे, सोबत सीए इंटरचीही तयारी करतेय. एनपीव्ही (भविष्यातल्या पैशांची आजची निव्वळ किंमत) आणि ईएमआय काढायला फायनान्शियल कॅल्क्युलेटर हवा म्हणते. नवी पेठेत साधे 12 अंकी मिळतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस हा फायनान्शियल कॅल्क्युलेटर त्याच्या कित्येक पट महाग. कोणता घ्यावा?

जमाखर्च: सीएसाठी बीए टू प्लस घेतलात तर पैसे पाण्यात. आयसीएआयच्या (सीए परीक्षा घेणारी संस्था) परीक्षेत जास्तीत जास्त 6 फंक्शन, 12 अंक आणि दोन मेमरींपर्यंतचाच कॅल्क्युलेटर चालतो, तोही आवाज न करणारा. साधाच घ्या, फक्त जीटी (ग्रँड टोटल, आलेल्या उत्तरांची बेरीज) बटण आहे ना ते बघा.

12 टक्क्यांनी 3 वर्षांचा ॲन्युइटी फॅक्टर (दरवर्षी मिळणाऱ्या 1 रुपयाची आजची एकूण किंमत) काढायचाय असं धरा. आधी एसी दाबून जीटी शून्य. मग कॅसिओवर 1.12, ÷ दोनदा, 1, आणि = तीनदा. 0.8929, 0.7972, 0.7118 असे फॅक्टर ओळीने दिसतात. शेवटी जीटी दाबलं की 2.4018. सिटिझनवर 1 ÷ 1.12, मग = तीनदा; तिथे ÷ एकदाच. दुकानात उभ्या उभ्या हेच करून बघायचं. जीटी पुसायचं राहिलं तर मागचं गणित बेरजेत घुसतं, गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

चादरवाला_हिशेब: बरोबर. बीए टू प्लस सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) द्यायची असेल तरच. तिथे तो नाहीतर एचपी 12सी, तिसरा चालत नाही. कॅसिओचा एफसी-100व्ही स्वस्त पडतो, पण सीएफएला बाद.

अक्कलकोट_रोड: मी सीएफएवालाच, बीए टू प्लस वापरतो. यंत्रमागासाठी 5 लाख कर्ज, 10 टक्के, 60 हप्ते असं गणित घातलं तर पीएमटी (हप्ता) साडेआठ हजार येतोय. बटणं बिघडलीत का?

चादरवाला_हिशेब: बटणं ठीक आहेत. पी/वाय (वर्षातले हप्ते) 12 ठेवून व्याजाला पुन्हा 12 ने भागलंय तुम्ही. पी/वाय 12 असेल तर आय/वाय (वार्षिक व्याजदर) 10 द्या. पी/वाय 1 असेल तरच 0.8333. उत्तर उणे 10,623.52 यायला हवं. उणे म्हणजे पैसे बाहेर जातायत, घाबरू नका.

अक्कलकोट_रोड: आता 10,536 आलं.

चादरवाला_हिशेब: पडद्यावर वर बारीक अक्षरात बीजीएन दिसतंय? हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरलाय त्याने. ते घालवायला ही बटणं ओळीने दाबा: सेकंड (2ND), पीएमटी, सेकंड, एंटर, मग सेकंड, सीपीटी. आणि सीई/सी दाबून जुने आकडे जात नाहीत, त्यासाठी सेकंड, एफव्ही.