बाकावर बसणंही सहभागच, पण...

"मिस्सा फादर करतात, आपण बाकावर बसून ऐकायचं, सहभाग तो कसला?" असं काही जण मिस्साबद्दल, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेबद्दल, म्हणतात. ते अर्धंच पटतं. 1963 च्या उपासनाविषयक संविधानात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) श्रद्धावंतांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हा त्यांचा बाप्तिस्म्यातून आलेला हक्क आणि कर्तव्य आहे असं सांगितलं. म्हणजे फादरांनी केलेली मेहेरबानी नव्हे! वाचक (मिस्सात बायबलचा उतारा वाचणारा) आणि वेदीसेवक (वेदीपाशी फादरांना मदत करणारा) ही पदं 1972 मध्ये प्रापंचिक पुरुषांना खुली झाली. स्त्रियांना त्यासाठी 2021 उजाडावं लागलं, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला. पद नसलं तरी स्त्रिया वाचन त्याआधीपासून करतच होत्या, ते वेगळं.

माझा अनुभव वाचनाचा. पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा संदेष्ट्यांची नावं अडखळत म्हटली आणि "हा प्रभूचा शब्द" म्हणायचंच विसरलो. लोक उत्तरासाठी थांबलेले, मी पुस्तक मिटून खाली उतरलो. आता आदल्या रात्री उतारा तीनदा मोठ्याने वाचतो. गंमत म्हणजे खरी प्रार्थना तिथेच होते.

एक मात्र खटकतं. श्रद्धावंतांच्या प्रार्थना, म्हणजे मिस्सात लोकांच्या वतीने केलेल्या विनंत्या, आपल्याच, तरी बहुतेक वेळा छापील पुस्तकातून जशाच्या तशा वाचल्या जातात. त्या आठवड्यात धर्मग्रामात (आपल्या चर्चच्या परिसरात) कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, याचा त्यात मागमूस नसतो. वाचणाऱ्याने शनिवारी चार घरी विचारून दोन ओळी लिहिल्या, तर कोण अडवणार आहे? फादरांना आधी दाखवा म्हणजे झालं.

प्रवचन तेवढं त्यांच्याकडेच राहू द्या, मिस्सातलं प्रवचन धर्मगुरू किंवा डीकननेच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) करायचं असा नियमच आहे.