गेटपासून अंगणापर्यंत खडीचा रस्ता : तुमचा हिशेब, तुमचा अनुभव

डिचोलीत आमच्या मूळ घराकडे गाडी नेण्यासाठी खडीचा रस्ता करायचा आहे. चवथीला सगळी भावंडं येतात, त्याआधी गाडी अंगणापर्यंत पोचायला हवी. लांबी ६० फूट, रुंदी १० फूट, जाडी ६ इंच. म्हणजे ३०० घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा माझ्या हिशेबाने ३ ब्रास खडी पुरे. ठेकेदार जवळजवळ ५ ब्रास सांगतो. कोण चुकतोय? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी मापांसकट लिहा. नुसत्या दरावरून काही कळत नाही, क्रशर लांब असला की वाहतुकीनेच दर चढतो.

सावईवेरे
ठेकेदार फारसा चुकत नाही. ट्रकातली खडी सुटी असते, रोलर फिरला की बसते. म्हणून २० ते २५ टक्के जास्त धरावी लागते. आणि गेटजवळ गाडी वळायला जागा लागते, ती तुम्ही धरलेलीच नाही.

माझी चूक याहून मोठी होती. कुळागराकडे (सुपारीच्या बागेकडे) जाणाऱ्या वाटेवर मी तांबड्या मातीवरच २० मिलिमीटरची खडी दोन इंच पसरली. मे महिन्यात दिसायला फार सुरेख दिसली. जून उजाडला आणि चाकाखालची माती खडीच्या फटींतून वर येऊ लागली. जुलैत दोन चाकोऱ्या पडल्या, त्यांत घोटाभर लाल चिखल. फावड्याने उकरून बघितलं तर खडी चार-पाच इंच खाली गेलेली, एकेक दगड मातीत लिंपल्यासारखा. ती परत काढता येत नाही, ते पैसे गेलेच. दुसऱ्या वर्षी सहा इंच माती काढून तळ रोलरने दाबून घेतला, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (माती आणि खडी वेगळी ठेवणारं), मग ४० मिलिमीटरची खडी चार इंच आणि वर २० ची दोन इंच. त्यानंतर तीन पावसाळे गेले, चाकोरी नाही. कापड घेताना जोडावर फूटभर एकावर एक येतं, तेवढं जास्त घ्या.

पेडणे
ट्रक रिकामा होण्याआधी टेप लावा. मला अडीच ब्रास म्हणून खडी आली. आमच्या वहिनीने ड्रायव्हरला थांबवलं, हौद्यात चढून आतून माप घेतलं. लांबी ११ फूट, रुंदी साडेसहा, आणि खडी सपाट करून पाहिली तर उंची ३ फूट. गुणाकार २१४ घनफूट, म्हणजे दोन ब्रासहून थोडी जास्त. मधोमध शीग असते म्हणून हौदा भरलेला वाटतो. पैसे मापाप्रमाणे दिले, ड्रायव्हरनेही वाद घातला नाही. ट्रकासोबत खनिज वाहतुकीचा पास असतो, तोही बघून घ्या.

वाळपई
आमची वाट उताराची. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्याकडे घाटाच्या पायथ्याशी त्याहूनही जास्त. पहिल्याच मोठ्या सरीत वरची खडी खाली रस्त्यावर. दोन्ही कडांना चिरे उभे गाडले, मध्यभाग कडांपेक्षा दोन इंच उंच ठेवला आणि वरच्या बाजूला आडवं गटार काढलं, तेव्हा थांबली. गोल गुळगुळीत गोटे घेऊ नका, ते बसतच नाहीत. क्रशरची कोनदार खडीच एकमेकांत अडकते.

काणकोण
गेटसमोर रस्त्याचं गटार असेल तर त्यात सिमेंटचा पाइप घालावा लागेल. रस्ता पंचायतीचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा ते आधी विचारा आणि लेखी परवानगी घ्या. माझ्या अंदाजपत्रकात हा खर्च नव्हताच.

डिचोली (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुन्हा मोजलं. वळणासाठी १२ बाय १० जास्त धरलं, एकूण ७२० चौरस फूट. ४० ची चार इंच म्हणजे २४० घनफूट, २५ टक्के वाढवून ३ ब्रास. २० ची दोन इंच म्हणजे १२०, वाढवून दीड ब्रास. एकूण साडेचार. ठेकेदाराला फोन करून सांगितलं, माझाच हिशेब अपुरा होता. चिरे, कापड, रोलर आणि माती काढण्याची मजुरी वेगळी मांडली आहे.

सावईवेरे
आणखी एक. घरात वयस्कर कोणी आहे का? आमच्या आईला सपाता घालून खडीवर चालवेना, तुळशीकडून गेटपर्यंत जायलाही ती कुणाचा तरी हात धरायची. मग कडेने चिऱ्यांच्या दोन ओळींची पायवाट केली. माझे चिरे १५ बाय ९ इंचांचे, ६० फुटांना ९६ लागले, फुटतुटीसाठी १०५ आणले. आता ती रोज सकाळी एकटी गेटपर्यंत जाऊन पाववाल्याकडून पाव घेऊन येते.