पोलीस भरती (महिला): गोळाफेक आणि ड्युटीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. माझी धाकटी नणंद पोलीस शिपाई भरतीची तयारी करतेय. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, १५५ सेंमी उंचीच्या अटीत आरामात बसते. गावात अकॅडमी नाही, शहरात ठेवणं परवडत नाही, म्हणून सगळं घरूनच चाललंय.

लेखीची चिंता नाही, गणित-बुद्धिमत्ता पक्कं आहे. अडतंय ते ग्राउंडला. ५० पैकी निम्मे गुण मिळाले की पात्र, पण तेवढ्यावर भागत नाही. एका जागेमागे दहाच उमेदवार लेखीला बोलावतात, त्यामुळे कट-ऑफ बराच वर जातो. ८०० मीटर ती तीन मिनिटांच्या आसपास काढते, १०० मीटरही बरं आहे. गोळा मात्र साडेचार मीटरच्या पुढे जातच नाही. मुलींना ४ किलोचा गोळा असतो आणि १५ पैकी १५ हवे तर ६ मीटर लागतात.

ती जागच्या जागी उभी राहून फेकते, सगळा जोर खांद्याचा. व्हिडिओ पाहून कंबरेतून वळून फेकायला गेली, तर तोल जाऊन पाय रेषेबाहेर पडतो. आता मनगटही दुखायला लागलंय. जिम नसताना ताकद कशी वाढवायची? मनगट बरं होईपर्यंत गोळा बंद ठेवावा का? आधी तंत्र सुधारावं की आधी ताकद?

दुसरा प्रश्न सासूबाईंचा. २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या, तेव्हा त्यांनीच कौतुकाने टीव्ही लावून ठेवला होता. पण अधिकाऱ्याचं वेगळं आणि शिपायाचं वेगळं, असं त्या म्हणतात. महिला पोलिसांची ड्युटी बाराऐवजी आठ तास करण्याचा आदेश २०२२ मध्ये आला, हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, "गणपतीच्या नाहीतर निवडणुकीच्या बंदोबस्तात घड्याळ कोण बघतं? आणि बाथरूमची सोय?" प्रश्न रास्त आहेत, माझ्याकडे उत्तर नाही.

पोरीची जिद्द मी रोज पहाटे बघते. तिला हे जमावं असं मला मनापासून वाटतं. दलात असलेल्या ताईंनी बंदोबस्त, रात्रपाळी, बाळंतपणानंतरची ड्युटी याबद्दल जसं असेल तसं लिहा, कडू असलं तरी चालेल. मी सासूबाईंना वाचून दाखवणार आहे. आणि गोळ्याचं कुणी आधी सांगितलं तर फार बरं होईल, सराव रोज चालूच आहे.