मदत हवी आहे: मुंबईहून लाक-मेगांटिकच्या रेल्वे कामगारांना पत्र, फ्रेंच जाणणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी,

मी मालगाडीचा गार्ड होतो, लॉबी (ड्युटीवर हजर व्हायची जागा) कल्याण, राहायला परळ. 2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण माझ्या तोंडात गार्डच बसलंय.

6 जुलैला कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या लाक-मेगांटिकच्या अपघाताचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी तिथल्या रेल्वे कामगारांना आम्हा काही निवृत्त रनिंग स्टाफचं (गाडीवर काम करणाऱ्यांचं) पत्र पोचावं अशी इच्छा आहे. मराठी मसुदा तयार आहे, फ्रेंच करून देणारं माणूस हवंय.

2013 साली कच्च्या तेलाच्या 72 टाक्या आणि पाच इंजिनं अशी गाडी रात्री उतारावर उभी केली होती. गाडीवर चालक एकटाच. त्याने सात हँडब्रेक बांधले, एक इंजिन चालू ठेवलं आणि विश्रांतीला गेला. मग त्याच इंजिनाला आग लागली. आग विझवताना इंजिन बंद केलं गेलं. कॉम्प्रेसर थांबला, ब्रेकमधली हवा उतरत गेली, आणि लोड (म्हणजे अख्खी मालगाडी) आपोआप अकरा-बारा किलोमीटर घरंगळत गावात शिरला. 47 माणसं गेली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. आमचा कसारा घाट 37 ला 1 चा. लोड स्टेबल करायचा, म्हणजे उभा करून ठेवायचा, तर एकेका वॅगनच्या हँडब्रेकचं चाक हाताने फिरवत जायचं, चाकांखाली लाकडी पाचरी ठोकायच्या. पावसात चाक हातातून निसटतं, खांदे भरून येतात. तरी पुढे इंजिनात पायलट (चालक), त्याचा असिस्टंट आणि मागे मी असायचो. एकट्याने किती ब्रेक बांधायचे?

चालकासह तिघांवर खटला झाला, जानेवारी 2018 मध्ये तिघेही निर्दोष सुटले. त्या काळात अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांनी चालक आणि कंट्रोलरच्या (गाड्यांचं नियंत्रण करणाऱ्याच्या) बचावासाठी पैसे गोळा केले होते. देश वेगळा, कंपनी वेगळी. मला हे फार मोठं वाटतं. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेत बहुतेक गाड्यांवर किमान दोन माणसांचा नियम आला. आपल्याकडेही शेवटच्या डब्याला यंत्र लावून गार्डाविना मालगाडी चालवायचं घाटतंय, म्हणून हे पत्र नुसतं दुःख कळवायला नाही.

अडचण एका वाक्याची आहे. 1974 च्या रेल्वे संपात, 8 ते 27 मे, वडील रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधले. घरात पगार नाही. गिरणीत जाणाऱ्या शेजारच्या मावशी तांदूळ आणून ठेवायच्या. आई संकोचली की म्हणायच्या, “परत नको करूस गं. उद्या आमची गिरणी बंद पडली तर तू आणशीलच की.” हे वाक्य पत्रात आहे. फ्रेंचमध्ये त्याची दया होऊ नये.

आणखी एक. नोकरीतली पोरंही सही करू म्हणतायत. कंडक्ट रूल्सचा (रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वर्तणुकीच्या नियमांचा) त्रास होईल का? अनुभव असेल त्यांनी सांगावं.

ठाण्याची_मुग्धा: काका, मी फ्रेंच शिकवते, करून देते. ‘सॉलिदारिते’, म्हणजे एकजूट, हा तिथल्या कामगारांचा नेहमीचा शब्द आहे, पण तो एकदाच येऊ दे. तांदळाची गोष्ट आहे तशीच ठेवू, तीच पोचेल. हँडब्रेकला ‘फ्रँ आ मँ’ म्हणतात. पाचरींचं मात्र तुम्हाला विचारून लिहीन, नाहीतर सुताराच्या पाचरी व्हायच्या.

जुना_फिटर: गार्डसाहेब, पोरांच्या सह्या आत्ता नको. आधी मसुदा युनियनच्या शाखा सचिवाला दाखवा, 1966 चे कंडक्ट रूल्स समोर ठेवूनच. निवृत्तांच्या सह्या पुरेत. माझी घ्या, मीही परळ वर्कशॉपचाच.

परळचा_गार्ड: मुग्धाताई, मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सोबत पाचरीचा फोटो आहे. फिटरसाहेब, रविवारी सकाळी येतो सहीला. वडिलांना ओळखत असाल कदाचित.