डिस्क ड्राइव्ह हवाच, पण आधी कन्सोल इथे येऊ द्या
सोनीच्या पुढच्या गेम कन्सोलबद्दल, म्हणजे प्लेस्टेशन 6 (पीएस 6) बद्दल, एक मत वाचलं: "सेकंदाला 120 फ्रेम (चित्रं) मिळणार असतील तर पीएस 6 मध्ये डिस्क ड्राइव्ह नसला तरी चालेल". ते काही पटलं नाही. पीएस 5 प्रो (पीएस 5 चं वरचं मॉडेल) ड्राइव्हशिवायच आला. हवा असेल तर वेगळे पैसे मोजा. आमच्यासारख्यांचे निम्मे गेम जुन्या डिस्कवरच खेळून होतात. दुकानात ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरून ओरखडे बघायचे, घासाघीस करायची, खेळून झालं की पुढच्याला विकायची. डाउनलोड केलेला गेम कोणाला विकणार?

पण फ्रेमच्या या सगळ्या भांडणात एक मुद्दा राहूनच गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रो जगभर आला तेव्हा भारताला वगळलं होतं, आणि त्याचं कारण किंमत नव्हतं. त्यातल्या वायफाय 7 ला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा वापरायला आपल्याकडे तेव्हा परवानगीच नव्हती. साधा पीएस 5 सुद्धा बाहेर नोव्हेंबर 2020 मध्ये आणि इथे 2 फेब्रुवारी 2021 ला (तोही मिनिटांत संपला). तेव्हा पीएस 6 कडून माझी पहिली मागणी एवढीच, की परवानग्यांचं काम आधी उरका आणि बाकीच्या जगाबरोबर इथेही विकायला काढा. 8के (अतिस्पष्ट चित्र) वगैरे नंतर बघू, तसाही घरी तेवढा टीव्ही आहे कोणाकडे?