प्रतिसाद: ऑगर अडकला तर दाबू नका
वर कुणीतरी लिहिलंय, ऑगर (खड्डे खणायचं, तेलाच्या दाबावर चालणारं गिरमिटासारखं मशीन) झाडाच्या मुळीत अडकला की दोघांनी मिळून दाबायचा. कृपया नको! अडकलेल्या मशीनचा झटका थेट मनगटात आणि खांद्यात येतो. लिव्हर सोडा, उलटा फिरवून बाहेर काढा, मशीन बंद करून मुळी पहारीने तोडा. वीतभर खणलं की वर उचलून माती काढत गेलात तर निम्म्या वेळा अडकतच नाही.

होजबद्दल (मशीनला दाबाचं तेल नेणारी नळी) मात्र कुणीच बोललं नाही. तेल कुठून गळतंय हे हात फिरवून कधीही बघू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून दाबाने येणारं तेल हातमोज्यातूनही कातडीत घुसतं. दिसायला टाचणी टोचल्याएवढंच, पण बोट कापायची वेळ येऊ शकते. दुखत नसलं तरी तडक हॉस्पिटल गाठा.