शब्दचर्चा: ‘सूड उगवणे’ आणि हॅम्लेटचे पंख

हॅम्लेटच्या पहिल्या अंकातला पाचवा प्रवेश एका वाचनासाठी मराठीत करतोय. बापाचं भूत म्हणतं, माझ्या खुनाचा सूड घे. पोरगा लगेच म्हणतो, पटकन सांग, म्हणजे ‘मेडिटेशन’च्या किंवा प्रेमातल्या विचारांच्या वेगाचे पंख लावून मी निघतो. अडलोय दोन ठिकाणी. ‘रिव्हेंज’ला सूड, बदला की प्रतिशोध? आणि ‘मेडिटेशन’ला ध्यान म्हटलं तर वेग कुठून आणू? ध्यानाला बसलेला माणूस आपल्याकडे हलत नाही.

—

सूडच. प्रतिशोध हल्ली हिंदी मालिकांतून येतो. बदला म्हणजे मुळात अदलाबदल, आणि भुताला काही बदलून नकोय. शिवाय सुडाला ‘उगवणे’ हे क्रियापद आहे. हे उगवणे म्हणजे रुजून वर येणं नव्हे, थकलेलं येणं वसूल करणं. सारावसुलीला उगवणी म्हणत. गुंता उगवणे म्हणजे सोडवणे, तेही इथलंच. बापानं पोराच्या गळ्यात घातलंय ते हेच, जुनी बाकी. वचपा आणि उट्टे मात्र नकोत, ते क्रिकेटच्या सामन्यात शोभतात.

—

ध्यानाऐवजी ‘मनोवेग’ घ्या की. रामरक्षेतला मारुती ‘मनोजवं’ आहेच, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

—

मनोवेग कानाला गोड आहे, पण एक खोच हुकते. तिसऱ्या अंकात हाच माणूस म्हणतो की विचाराची फिकट छटा चढली की निश्चयाचा रंग आजारी पडतो. पंखही विचाराचे आणि बेडीही विचाराचीच. तेव्हा दोन्हीकडे ‘विचार’ हाच शब्द राहू द्या. थोडं रुक्ष लागेल, लागू द्या. (आगरकरांनी १८८३ साली आपल्या भाषांतराला नाव दिलं ‘विकारविलसित’. विकार आणि विचार, एका अक्षराचा फरक. त्यावर वेगळा धागा निघेल.)

—

सूड मान्य, पण ‘डूख’ कुणी कसा काढला नाही? भूत म्हणतं, मी बागेत झोपलो असताना साप चावला अशी आवई उठवलीय. तो साप आज माझाच मुकुट घालून बसलाय.

—

म्हणूनच नको. डूख नाग धरतो, आणि इथे नाग खुनी आहे. हॅम्लेटच्या तोंडी डूख आला की उपमा उलटी होते. त्यापेक्षा त्याची शपथ नीट वाचा. पंखांचं ऐकून भूत खूश होतं, म्हणतं, हे ऐकून हलला नसतास तर विस्मृतीच्या नदीकाठच्या मठ्ठ तणासारखा ठरला असतास. जाताना सांगतं, ‘माझी आठवण ठेव.’ पोरगा काय करतो? वही काढतो! माणूस हसत हसत बदमाश असू शकतो, निदान डेन्मार्कमध्ये, असं टिपून ठेवतो. आणि शपथ घेतो ती आठवणीची. सूड हा शब्द त्या शपथेत नाही. भाषांतरात तो चुकून घुसवू नका.

—

घुसवला होता, काढला. सध्याची ओळ: ‘लवकर सांग. विचाराच्या, नाहीतर प्रेमाच्या ओढीच्या वेगाचे पंख लावून मी या सुडावर झडप घालतो.’ आधी झेप लिहिलं होतं; पण थोड्याच वेळात तो सोबत्यांना ससाण्याला बोलवावं तशी हाक घालतो, म्हणून झडप.